हिरव्या केसांचं कारण: 'पिण्यासाठी'

रिटायर होऊन गुहागरला आगरातल्या घरी आलो. वर्षभरात नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या केसांना शेवाळ आलंय." पांढऱ्या केसांवर खरंच पोपटी झाक! हिचे केस डाय लावून काळे, त्यामुळे तिचं काही बिघडलं नव्हतं. खापर माझ्या स्वस्त शांपूवर.

मला संशय विहिरीचा. म्हटलं, पाणी तपासून घेऊ. इथेच अडकलो. पहिल्या खेपेला प्रयोगशाळेने बाटली चुकीची म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला. तिसऱ्या खेपेला फॉर्मवर 'तपासणीचे कारण' असा रकाना. मी खरं ते लिहिलं: केस हिरवे होतात. खिडकीतल्याने ते मागच्या टेबलाला मोठ्याने वाचून दाखवलं, मग खोडायला लावून 'पिण्यासाठी' लिहून घेतलं. रिपोर्टला दहा दिवस. जंतू नाहीत, नायट्रेट ठीक, सामू (पीएच) ५.९. तांबं? "ते आमच्या यादीत नाही, काका." फॉर्म घेतानाच सांगितलं असतंत तर एसटीचं भाडं तरी वाचलं असतं!

उलगडा झाला तो मिरगाच्या तोंडावर. गडी सुपारीवर फवारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, कालवत होता. तोच रंग न्हाणीघरात पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाच्या नळाखाली, फरशीवर! मग ५.९ चा अर्थ लागला. सामू ७ च्या खाली म्हणजे पाणी आंबट. जांभ्यातलं असलं पाणी रात्रभर बंबात राहिलं की तांबं विरघळतं आणि केसांत जाऊन बसतं. काळ्या केसांतही बसतं, दिसत नाही इतकंच. पांढऱ्या किंवा ब्लीच केलेल्या केसांत लपत नाही. स्विमिंग पूलमध्ये केस हिरवे झाले की लोक क्लोरीनला शिव्या देतात, पण रंग येतो तो शेवाळ मारायला घातलेल्या मोरचुदाचा.

लिंबू चोळून पाहिलं, डोळेच चुरचुरले. उपयोग झाला तो 'किलेटिंग' शांपूचा. त्यातलं ईडीटीए तांब्याला धरून बाहेर काढतं. फेस पाच-सात मिनिटं डोक्यावर ठेवायचा. चार धुण्यांत झाक गेली. आदल्या रात्री कोमट खोबरेल लावलं तर आणखी बरं.

हो, सांगायचं राहिलं: डोकं बंबाच्या पाण्याने धुऊ नका. पहिल्या दोन वेळा मी तेच केलं होतं, आणि शांपूवाल्याला शिव्या घातल्या होत्या. वरून रंग लावायचा विचार असेल तर आधी तांबं काढा.

बंब मात्र मोडीत घातला नाही. पहाटे रात्रीचं पाणी ओतून देतो, ताजं भरतो, मगच पेटवतो. रिकामा पेटवू नका, बंब कायमचा जातो.