नावे कुणाच्या पडलं?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचं पत्र आलं आणि आधी आठवले ते पुस्तपालनाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. कर्ज फिटलं असं कुणी म्हटलं की सर विचारायचे, "बरं, मग ते नावे कुणाच्या पडलं?" मी हल्ली ज्या प्रांतात राहतो, त्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा एक जमाखर्च सरांना दाखवायचा राहून गेला.

तो डब्ल्यू. ए. सी. बेनेट या तिथल्या जुन्या प्रीमियरचा, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्याचा. नववीत शाळा सुटलेल्या या माणसाने १९३० मध्ये केलोना या सफरचंदांच्या गावात हार्डवेअरचं दुकान घेतलं. १९४१ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून प्रांताच्या विधानसभेत गेले, १९५१ मध्ये पक्ष सोडून सोशल क्रेडिटमध्ये आले. १९५२ ची निवडणूक पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर झाली. सीसीएफ या समाजवादी पक्षाला अडवायला लिबरल-कॉन्झर्व्हेटिव्ह युतीने ती आणली होती. एकमेकांची दुसरी पसंती आपल्यातच फिरेल असा हिशेब. ती गेली सोशल क्रेडिटकडे. ४८ जागांपैकी सोशल क्रेडिट १९, सीसीएफ १८. निकालानंतर आमदारांनी बेनेटना नेता निवडलं, आणि ते वीस वर्षं प्रीमियर राहिले. अर्थखातंही बहुतेक काळ स्वतःकडेच, गल्ल्याची किल्ली असावी तसं.

१ ऑगस्ट १९५९ चा प्रसंग सरांनी तासभर रंगवला असता. प्रांत कर्जमुक्त झाला म्हणून ओकानागन तलावात एका तराफ्यावर सुमारे ७ कोटी डॉलरचे रद्द केलेले रोखे रचले. बेनेटनी पेटता बाण सोडला. तो आपटून पाण्यात पडला. शेवटी आग लावली ती एका पोलिसाने!

रोखे जळाले, पण नावे कुणाच्या पडलं? थेट कर्ज शून्य झालं, कारण नवी कर्जं सरकारी मंडळांच्या खात्यावर जात होती: पूल आणि टोल-रस्ते एका प्राधिकरणाकडे, वीज वीज मंडळाकडे, पॅसिफिक ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं कर्ज रेल्वेकडे. प्रांत फक्त जामीन. टोल जमतो तोवर ठीक. रेल्वे तोट्यात गेली की व्याज शेवटी खजिन्यातूनच. जामीनकीचा आकडा दरसाल फुगत होता, आणि तो काही लपवलेला नव्हता, सरकारी हिशेबात छापलेलाच होता. म्हणून मी याला लबाडी म्हणणार नाही. त्या उधारीतून खरी मत्ता उभी राहिली. १९५८ च्या संपांनी फेरीबोटी ठप्प झाल्यावर १९६० मध्ये सरकारी फेरीबोट सेवा निघाली, १९६१ मध्ये बीसी इलेक्ट्रिक ही खासगी वीज कंपनी ताब्यात घेतली. फक्त 'कर्जमुक्त' हा शब्द सरांनी लाल शाईने खोडला असता.

आता शाळेत टॅली शिकवतात म्हणे. छान. पण दुसऱ्यासाठी दिलेली हमी त्यात आपोआप उमटत नाही, ती वेगळी टिपावी लागते. सर फळ्यावर जमा-नावेच्या खाली मुद्दाम दोन ओळी रिकाम्या ठेवायचे, त्या याच्यासाठी.

बेनेट १९७२ मध्ये हरले. तीन वर्षांनी त्यांच्याच दुकानात तयार झालेला मुलगा बिल प्रीमियर झाला.