दोन आगी आणि श्वाइनफुर्टचे गठ्ठे

सोमवार

वनस्पती गोळा करत जग फिरलेल्या लोकांची चरित्रं वाचताना सगळ्यांचं लक्ष नदी, राजा, नवं झाड याकडे असतं. मी आधी त्यांच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या गठ्ठ्यांचं काय झालं ते बघते. आफ्रिका फिरलेल्या गेओर्ग श्वाइनफुर्ट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बाबतीत तर निम्मं चरित्र त्यातच आहे.

1836 साली रीगामधल्या जर्मन व्यापारी घरात जन्म; शिक्षण हायडेलबर्ग, म्युनिक, बर्लिन. तिशीच्या आतच तांबड्या समुद्राचा किनारा आणि नाईलचं खोरं त्याने पालथं घातलं होतं. 1868 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट निधीने त्याला पुन्हा धाडलं आणि जानेवारी 1869 मध्ये खार्तूम सोडून पांढऱ्या नाईलवरून तो आजच्या दक्षिण सुदानमधल्या बहर-अल-गझलच्या मुलखात गेला. पुढचा प्रवास हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर. हे व्यापारी गुलामांचाही धंदा करत. त्यांच्या बंदुकांच्या आडोशाने झालेलं हे वनस्पतिशास्त्र आहे. मध्य आफ्रिकेतल्या मांगबेतू लोकांचा राजा मुन्झा याला आपला एक कुत्रा देऊन त्याने आका या बुटक्या लोकांच्या जमातीचा एक मुलगा घेतला आणि तो मुलगा परतीच्या वाटेवर नाईलकाठच्या बर्बर गावी मेला. गौरवपर लेखांतून हे वाक्य हमखास गळलेलं असतं.

19 मार्च 1870 रोजी तो वेले नदीवर पोहोचला. पाणी पश्चिमेला चाललंय, म्हणजे ही नाईलची नदी नव्हे, हे त्याने बरोबर ताडलं. ती चाड सरोवराच्या बाजूला जात असावी हा तर्क मात्र फसला. ती काँगोच्या पाणलोटातली निघाली.

परतताना डिसेंबर 1870 मध्ये घट्टास नावाच्या व्यापाऱ्याच्या ठाण्यावर आग लागली. गवताची छपरं, कोरडा हंगाम, बघता बघता सगळं ठाणं गेलं. नव्या सफरीचं सामान, कीटकांचा संग्रह, हवामानाच्या नोंदी, भाषांच्या शब्दसूची, रोजनिशा, सगळ्याची राख. वनस्पतींचे जे गठ्ठे आधीच खार्तूमकडे रवाना झाले होते, ते तेवढे वाचले.

घड्याळंही गेली. घड्याळ नसेल तर किती तास चाललो ते कळत नाही, आणि तास कळले नाहीत तर नकाशावर अंतर टाकता येत नाही. म्हणून त्याने पावलं मोजायला सुरुवात केली. शंभर झाली की एक बोट, पाचशे झाली की वहीत एक रेघ, हजार झाली की त्याच रेघेची फुली. असं करत सहा महिन्यांत सुमारे साडेबारा लाख पावलं. पाऊल सरासरी 65 सेंटिमीटरचं धरलं तर हे 800 किलोमीटरच्या वर जातं. या हिशेबाची मेख पावलाच्या लांबीत आहे: उंच गवतात, चिखलात, चढावर पाऊल आखडतं आणि सरासरीत फक्त 5 सेंटिमीटरची चूक झाली तरी एकूण अंतरात 62 किलोमीटरची गफलत होते. म्हणजे नुसतं मोजून भागत नाही, जमीन बदलली की पाऊल पुन्हा मापून घ्यावं लागतं.

बुधवार

दमट प्रदेशात नमुने स्पिरिटमध्ये (म्हणजे अल्कोहोलमध्ये) भिजवून ठेवायची पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाते. सह्याद्रीत जुलै-ऑगस्टमध्ये काम करणाऱ्याला ती का लागते ते सांगायला नको. प्रेसमधलं, म्हणजे नमुने दाबून वाळवायच्या चौकटीतलं पान दाबलं म्हणून लगेच मरत नाही. ओलावा अडकून राहिला की ते देठाच्या सांध्यातून सुटून गळतं, आणि दोन दिवसांत कागदावर बुरशी येते. स्पिरिटने पेशी तत्काळ मरतात, त्यामुळे गळतीही थांबते आणि बुरशीही.

करायचं ते असं. नमुना वर्तमानपत्राच्या घडीत नेहमीसारखा पसरायचा आणि क्रमांक पेन्सिलीनेच लिहायचा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि महिन्याभराने हातात नुसते निळे डाग राहतात. साधारण 15 सेंटिमीटर जाडीचा गठ्ठा झाला की सुतळीने बांधायचा. आवळायचा नाही, नाहीतर स्पिरिट मधल्या कागदांपर्यंत पोहोचत नाही आणि गठ्ठा आतून कुजतो. मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत उभा ठेवून वरून हळूहळू ओतायचं. कागद पूर्ण भिजले पाहिजेत, पण पिशवीत तळं साचायला नको. लहान गठ्ठ्याला अर्धा लिटर, मोठ्याला लिटरभर पुरतं. तोंड बंद करून वर दुसरी पिशवी, कारण काटे आणि काटक्या पहिली पिशवी फाडतातच. श्वाइनफुर्टच्या काळी पॉलिथिन कुठलं? द्रव टिकवायचा तर झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा, आणि वाटेत झाळ फुटली की सगळं वाया.

तीव्रता 70 टक्क्यांच्या आसपास ठेवावी. 95 टक्क्यांचं स्पिरिट असेल तर 740 मिलिलिटरमध्ये पाणी घालून लिटरभर करायचं. काटकसर म्हणून 50 टक्क्यांवर सुरुवात केली की रसाळ पानांतलं पाणी त्यात उतरतं, तीव्रता आणखी घसरते आणि पंधरा दिवसांत आंबूस वास येऊ लागतो. जाड खोडं आणि कंद आधी चिरून घ्यावेत. असा गठ्ठा काही आठवडे सहज टिकतो, अधूनमधून पिशवी उघडून भर घातली तर त्याहून जास्त. परत आल्यावर कोरड्या कागदात बदलून, मध्ये पन्हळी पुठ्ठे घालून गरम हवेवर वाळवायचं. मात्र आधी पिशव्या मोकळ्या हवेत उघडून स्पिरिट उडू द्यायचं. ओले गठ्ठे सरळ हीटरवर ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

किंमत मोजावी लागतेच. पानं तपकिरी आणि ठिसूळ होतात, फुलांचा रंग पार जातो, पानावरचा मेणाचा थर विरघळतो, डीएनए खराब होतो. म्हणून रंग, वास, चीक ही सगळी नोंद जागेवरच करायची, आणि पानाचा एक तुकडा स्पिरिट लागण्याआधी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये टाकायचा. आळशी माणसाच्या हातात ही पद्धत पडली की हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, सगळ्या जाती एकाच चहाच्या रंगाच्या दिसतात.

गुरुवार

त्याचं मला सर्वांत आवडणारं काम जंगलातलं नाहीच. 1881 मध्ये इजिप्तमधल्या देर-अल-बहरीला राजांच्या ममी सापडल्या, त्यांच्या अंगावर हार होते. त्यांची तीन हजार वर्षं जुनी पानं बोट लागताच चुरा होतील अशी. श्वाइनफुर्टने ती कोमट पाण्यात भिजवून मऊ केली, उलगडली आणि ताज्या वनस्पतीसारखी पुन्हा दाबून वाळवली. दुसऱ्या रामेसेसच्या हारात दुमडलेली पानं, मध्ये निळ्या कमळाच्या पाकळ्या आणि हे सगळं खजुरीच्या पानाच्या पट्ट्यांनी शिवलेलं. ती पानं मिम्युसॉप्सची, म्हणजे आपल्या बकुळीच्याच प्रजातीतल्या दुसऱ्या झाडाची. आपण बकुळीची फुलं ओवतो, त्यांनी पानं शिवली.

शुक्रवार

1925 मध्ये तो बर्लिनला वारला. तिथल्या वनस्पती उद्यानातच त्याला पुरलं आहे. त्यानंतर अठरा वर्षांनी, मार्च 1943 मधल्या बॉम्बहल्ल्यात उद्यानाचं हर्बेरियम जळालं. सुमारे 40 लाख नमुन्यांपैकी बहुतेक गेले, त्यात त्याच्याही संग्रहाचा मोठा भाग. पण त्याने एकेका क्रमांकाचे, म्हणजे एकाच वेळी गोळा केलेल्या एकाच वनस्पतीचे, अनेक डुप्लिकेट केले होते आणि ते लंडनचं क्यू उद्यान, पॅरिस, व्हिएन्नासारख्या ठिकाणी पोहोचले होते. आज त्याच्या जातींचा टाइप, म्हणजे जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो नमुना, ठरवताना हेच डुप्लिकेट कामाला येतात.

अर्थात डुप्लिकेट नीट केलेला असेल तर. झाड किंवा झुडूप असेल तर सगळ्या फांद्या एकाच झाडाच्या हव्यात. लहान रोपं असतील तर एकाच जागेची, एकाच दिवशीची. नमुना चिकटवलेल्या प्रत्येक शीटवर फूल किंवा फळ हवं आणि लेबल पूर्ण हवं, ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेलं चालत नाही. चार-पाच प्रती कराव्यात आणि त्या एकाच पेटीतून पाठवू नयेत. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो गवतांत आणि लव्हाळ्यांत: एकत्र वाढणाऱ्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती एकाच क्रमांकाखाली जातात, एक शीट लंडनला, दुसरी पॅरिसला, आणि मूळ शीट जळाल्यावर त्या क्रमांकाच्या भरवशावर निवडलेला टाइपच वादात सापडतो.