एफटीआयआयचं ॲक्टिंगचं ॲडमिशन आणि एका दाखल्यासाठी सव्वीस दिवस

माझं एफटीआयआयच्या, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, स्क्रीन ॲक्टिंगला झालं हे कळल्यापासून आमच्या नाटकातली पोरं फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ऑडिशनला काय करायला लावतात. सांगतो ते पण. पण आधी दाखल्याचं विचारा रे, कारण ऑडिशनपेक्षा जास्त मला एका कागदाने रडवलंय आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

कोर्स दोन वर्षांचा, पदवी लागते, कुठल्याही शाखेची चालते, मी बीकॉम. मधे बरीच वर्षं हा ॲक्टिंगचा कोर्स बंदच होता, २००४ च्या सुमारास परत सुरू झाला. आमच्या वेळी पुण्याची आणि कोलकात्याची संस्था मिळून एकच प्रवेश परीक्षा घ्यायच्या, जेईटी. लेखी मी हिंदीत लिहिली, बरी गेली. निकालात नाव आलं, आईने देवापुढे साखर ठेवली, आणि मी कागदपत्रांची यादी उघडली तर त्यात ओबीसीवाल्यांसाठी नॉन क्रिमीलेअर, म्हणजे आपण ओबीसीतल्या वरच्या, सधन गटात मोडत नाही असा दाखला, भारत सरकारच्या नमुन्यात.

माझ्याकडे नॉन क्रिमीलेअर होतं, स्कॉलरशिपसाठी काढलेलं, मुदतीतलं. मला वाटलं झालं काम. नाही झालं, कारण ते राज्याचं होतं. संस्था पुण्यात लॉ कॉलेज रोडला असली, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत असली, तरी ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची आहे, त्यामुळे दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. त्यात ८ सप्टेंबर १९९३ च्या केंद्राच्या आदेशाचा उल्लेख असतो, दाखला हातात आला की काउंटर सोडायच्या आधी ती तारीख शोधा. मी पहिल्यांदा शोधली नाही.

म्हणजे झालं असं की पहिल्या दिवशी तहसील ऑफिसात खिडकीवर सांगितलं, केंद्राचा नमुना फक्त नोकरीला देतो, शिक्षणाला नाही. मी नमुन्याचं प्रिंट दाखवलं, त्यात केंद्रीय शिक्षणसंस्थेतल्या प्रवेशाचं पण लिहिलेलं आहे, तर ते न वाचताच परत केलं. वर म्हणाले, ॲक्टिंगला कसली सरकारी संस्था असते, क्लास असतात ते. मागे तीस माणसं लाइनीत आणि सगळे माझ्याकडे बघतायत. आठवीपासून नाटक करतोय मी, शाळेच्या गॅदरिंगपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत, पण स्टेजवर कधी इतकं लाजल्यासारखं झालं नव्हतं.

दुसऱ्या फेरीला संस्थेची सगळी माहिती छापून नेली तेव्हा अर्ज घेतला. आठ दिवसांनी परत आला. कारण काय तर वडिलांच्या नावापुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यात राव आहे आणि रेशन कार्डात नाही. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. केलं. मग साहेब मीटिंगला. मग साहेब रजेवर. मग म्हणे उत्पन्न तपासायचंय, वडिलांच्या पगारात शेतीचं उत्पन्न मिळवून आणा. वडील एसटीत कंडक्टर, दीड एकर कोरडवाहू, दोन्ही मिळवलं तरी वर्षाला आठ लाखाच्या मर्यादेच्या जवळपास पण जात नाही, तो प्रश्नच नव्हता, पण केंद्राच्या नियमात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न या मर्यादेत धरतच नाहीत आणि हे मला एका बाविशीतल्या पोराला माहितीय तर रोज तेच काम करणाऱ्या माणसाला माहिती नसावं? वाद घातला नाही, तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणून दिला.

एकोणिसाव्या दिवशी दाखला मिळाला. सही, शिक्का, सगळं. घरी येऊन बघतो तर राज्याच्याच नमुन्यात. पायरीवर बसलो आणि खरंच रडलो, आई म्हणाली राहू दे बाबा, पुढच्या वर्षी बघू.

ऑडिशनला तेव्हा बारा दिवस राहिले होते. नातेवाइकांपैकी दोघांनी सुचवलं की ओपनमधून जा, सोड ते. का सोडू? केंद्राच्या संस्थेत २७ टक्के जागा ओबीसीला आहेत, माझा हक्क आहे तो, उपकार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला गेलो आणि खिडकीवर न थांबता थेट नायब तहसीलदारांच्या केबिनबाहेर उभा राहिलो, चार वाजेपर्यंत. त्या मॅडमनी दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवून बघितले, बेल वाजवली, आणि पुढच्या आठवड्यात दाखला तयार. एकूण सव्वीस दिवस. खिडकीवर नाही म्हणाले तर तिथेच भांडत बसू नका, वरच्या अधिकाऱ्याकडे जा, आणि लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. मी पोच घ्यायला पंधराव्या दिवशी शिकलो.

हां, अजून एक, आपली जात राज्याच्या यादीत आहे म्हणजे केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, ते अर्ज भरायच्या आधीच बघून घ्या.

आता ऑडिशन. मी एक स्वगत बसवलं होतं, मोठं, आवाजाचं, स्पर्धेत टाळ्या घेणारं. दीड मिनिटात थांबवलं. समोरच्यांपैकी एक जण शांतपणे म्हणाले, शेवटच्या रांगेला ऐकवताय तुम्ही, इथे शेवटची रांग नाहीये, कॅमेरा इथे आहे, आणि हातभर अंतर दाखवलं. परत करा, तेच, पण मला एकट्याला सांगा. हात कुठे ठेवू कळेना, आवाज खाली आणला तर वाक्यं सपाट व्हायला लागली. आपल्याकडे एकांकिका करून आलेल्या प्रत्येकाचं हेच होणार आहे. फोन तोंडासमोर ठेवून रेकॉर्ड करा, रोज, आणि आवाज बंद करून बघा. डोळे खोटं बोलत असतील तर लगेच दिसतं.

मग सांगितलं, हल्लीच पाहिलेला एखादा माणूस करून दाखवा, बोलायचं नाही. माझ्या डोळ्यासमोर लाइनीतले एक आजोबा आले. निराधार पेन्शनसाठी यायचे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत, आणि नंबर आला की आधी चप्पल काढायचे खिडकीसमोर. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी ते केलं. चप्पल काढली, पिशवी काढली, कागद सरळ केले, खिडकी बंद झाली, कागद परत आत ठेवले. खोलीत कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मला तेव्हाच वाटलं होतं की होईल.

यावर एक मित्र म्हणाला, बघ, त्या ऑफिसात गेलास म्हणून सुचलं. नाही. त्या ऑफिसचे आभार मी मानणार नाही. त्या आजोबांना अनवाणी उभं राहायला लावणारी जागा आहे ती, आणि मी नोंद घेतली ती त्यांची.

इंटरव्ह्यूला काय विचारलं ते विशेष नाही, गाव, नाटक, कुठले सिनेमे पाहिले, का यायचंय. न पाहिलेला सिनेमा पाहिला म्हणू नका. कागद तपासायच्या टेबलावर फार तर अर्धा मिनिट गेला, दाखला बघितला, टिक केली, पुढे.

आमच्या ग्रुपमधली एक मुलगी पुढच्या वेळी अर्ज भरणार आहे. एक एप्रिलनंतर नवीन आर्थिक वर्षाचा दाखला काढायचा असं ठरलंय, तिच्या वडिलांच्या नावातले राव मी आत्ताच सगळ्या कागदांवर तपासून ठेवलेत, दोन ठिकाणी नाहीयेत. सोमवारी प्रतिज्ञापत्र करायला तिच्यासोबत जातोय.