फॉलिक ॲसिड की मिथाइलफोलेट?

गेल्या रविवारी माझी भाची घोडबंदर रोडहून ठाण्यात नौपाड्याला आमच्याकडे आली आणि चहा होण्याआधीच तिने पर्समधून गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा काढून टेबलावर ठेवल्या. "मावशी, तू आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलीस ना, मग यातली कुठली घेऊ ते सांग." एक स्ट्रिप साध्या फॉलिक ॲसिडची होती, ५ मिलिग्रॅमच्या बारीक पिवळ्या गोळ्यांची. दुसरी एल-मिथाइलफोलेटची, १ मिलिग्रॅमची, चकचकीत खोक्यातली आणि किमतीने कितीतरी पट महाग.

तिला आणि जावयांना आता मूल हवे आहे. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी फॉलिक ॲसिड सुरू करायला सांगितले होते. मधल्या काळात तिने हौसेने एक जनुकीय चाचणी करून घेतली. त्या अकरा पानी अहवालात ‘एमटीएचएफआर’ या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली निघाली, आणि एका आहारसल्लागाराने "साधे फॉलिक ॲसिड तुमच्या शरीराला चालणारच नाही" असे फोनवर ठणकावून सांगितले. परिणामी पिवळी गोळी बंद झाली, महाग गोळी सुरू करायचा धीर होईना, आणि तीन आठवडे दोन्हींपैकी काहीच पोटात गेले नाही. मला खरी काळजी वाटली ती याची. मी डॉक्टर नाही, तिचे औषध बदलण्याचा मला अधिकारही नाही. पण रेणू कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो एवढे तिला कागदावर काढून दाखवणे मला शक्य होते.

फोलेट हे ब-९ जीवनसत्त्वाच्या सगळ्या रूपांचे कुलनाम आहे. ‘फोलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये पान, आणि १९४१ साली संशोधकांनी हा पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा केला, म्हणून हे नाव पडले. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांत ते भरपूर असते. पण ते उष्णतेने नष्ट होते, पाण्यात उतरते, आणि पालक उकळून पाणी ओतून देणाऱ्या घरात त्यातले बरेचसे मोरीत जाते. फॉलिक ॲसिड हे त्याचे प्रयोगशाळेत घडवलेले, टिकाऊ आणि स्वस्त रूप. ते पोटात गेल्यावर यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याला टेट्राहायड्रोफोलेट या कार्यक्षम रूपात आणते, त्यापासून पुढे मिथिलीन रूप बनते, आणि शेवटच्या पायरीवर एमटीएचएफआर हे, त्याच नावाच्या जनुकातून बनणारे विकर त्याचे मिथाइलफोलेट करते. महाग गोळीत हे शेवटचे रूप आयते दिलेले असते. नावातला ‘एल’ निरर्थक नाही: या रेणूची अणूंच्या मांडणीने वेगळी अशी दोन रूपे असतात आणि शरीराला त्यांतले एकच वापरता येते.

आता गंमत अशी की डीएनएचा एक घटक बांधण्यासाठी, म्हणजे गर्भाच्या पेशी झपाट्याने वाढताना, जे फोलेट लागते ते मिथिलीन रूप असते, आणि ते एमटीएचएफआरच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. शिवाय हे विकर मंदावलेले असते, बंद पडलेले नसते. दोन्ही प्रती बदललेल्या व्यक्तींमध्येसुद्धा, तितकेच फॉलिक ॲसिड घेतल्यावर रक्तातील फोलेट इतरांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरते, एवढाच फरक अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवला आहे, आणि अशा व्यक्तींनाही फॉलिक ॲसिड वापरता येते असे ते केंद्र स्पष्ट सांगते. माझ्या भाचीची तर एकच प्रत बदललेली. "चालणारच नाही" या शब्दांना कसलाही आधार नव्हता.

गर्भधारणेच्या बाबतीत माझे झुकते माप साध्या फॉलिक ॲसिडला आहे, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात नसून पुराव्यात आहे. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर स्पायना बिफिडासारखे, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचे, दोष राहतात. असे मूल आधी झालेल्या स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत चाचणी घेतली, आणि रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्याने दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ मध्ये जाहीर केले. पुढच्याच वर्षी हंगेरीतील चाचणीने पहिलटकरणींनाही हा लाभ होतो हे दाखवले. मिथाइलफोलेटने रक्तातील फोलेट तितकेच, क्वचित थोडे अधिकही, वाढते. पण त्याने हे दोष टळतात हे दाखवणारी अशी चाचणी झालेली नाही, आणि फॉलिक ॲसिडचा गुण सिद्ध झाल्यावर कोणत्या गर्भवतीला त्यापासून वंचित ठेवून ती करणार, हाही प्रश्नच आहे.

या सगळ्याची सुरुवात आपल्याकडच्या लोकलच्या अंतरावर झाली, हे भाचीला माहीत नव्हते. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून कापड गिरण्यांतल्या गरीब गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. या बायकांच्या रक्तपेशी आकाराने फुगलेल्या, संख्येने कमी असत. विल्स यांना मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्यांना उतार पडताना दिसला, आणि १९३१ मध्ये त्यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या अर्कातला गुण फोलेटचा होता. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत, आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले.

  

रूपाइतकाच मात्रेचा घोळ मोठा आहे. मूल होऊ देऊ इच्छिणाऱ्या सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरेसे मानतात. पिवळी गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे त्याच्या साडेबारा पट. ही मोठी मात्रा आधीच्या बाळात दोष असल्यास किंवा आईला फिट्सची काही औषधे चालू असल्यास, अशा जोखमीच्या वेळी देतात. आपल्याकडे ती सर्रास लिहून दिली जाते. याचे एक कारण दुकानात सापडते: त्या संध्याकाळी आम्ही गोखले रोडवर आणि राम मारुती रोडवर मिळून तीन मेडिकलमध्ये विचारले, तर दोघांकडे ५ मिलिग्रॅमचीच होती. "बारीक गोळी आहे ताई, काही होत नाही," असे एकाने समजावलेही.

काही होते की नाही हे ब-१२वर अवलंबून असते. माझ्या मते शाकाहारी मराठी घरात खरा प्रश्न हाच आहे, आणि अकरा पानी अहवालात त्याविषयी अक्षर नव्हते. मिथाइलफोलेटला आपला मिथाइल गट पुढे सोपवायला ब-१२ लागते. ते नसेल तर फोलेट त्याच रूपात अडकून पडते, म्हणजे महाग गोळीही तिथेच थबकते. उलट फॉलिक ॲसिड दुसऱ्या वाटेने डीएनएपर्यंत पोहोचते, रक्ताचे आकडे सुधारतात, सगळे ठीक वाटते, आणि ब-१२च्या अभावाने मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. फॉलिक ॲसिडला रोजची १ मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घालण्यामागे हेच कारण आहे. भाची जन्मापासून शाकाहारी आहे, आणि दूधही तिला आवडत नाही.

आमचे बोलणे चालू असताना भांडी घासायला येणाऱ्या ताई ओट्यापाशी थांबून ऐकत होत्या. त्यांच्या सुनेला पाचवा महिना आहे. तिला महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून मिळणारी लाल गोळी ‘ताकदीची’ आहे एवढेच त्यांना ठाऊक होते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. ती चहाबरोबर घेऊ नये हे मी सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अहो, ती चहाबरोबरच घेते." चहाने लोह कमी शोषले जाते. ही गोळी देणाऱ्या सरकारी कार्यक्रमातच गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तीन महिन्यांत ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी सुचवलेली आहे. पण सुनेचे नाव केंद्रात नोंदवले तेव्हा तिसरा महिना सरत आला होता, आणि २८ दिवस कधीच उलटून गेले होते.

भाचीने सोमवारी तिच्या डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी पिवळी गोळी पुन्हा लगेच सुरू करायला सांगितली आणि सोबत ब-१२ तपासून घेतले. आकडा १६४ आला, म्हणजे कमीच. आता ब-१२ची इंजेक्शने चालू आहेत आणि फॉलिक ॲसिडची मात्रा त्यांनी ४०० मायक्रोग्रॅमवर आणली आहे. तिसऱ्या मेडिकलवाल्याने ती मागवून दिली. "ही कोणी मागतच नाही," असे तो म्हणाला आणि त्याने दोन महिन्यांच्या स्ट्रिपा एकदम हातात ठेवल्या. महाग स्ट्रिपेचे खोके फोडलेले असल्याने कोणी परत घेत नाही, म्हणून ती सध्या माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.