तुम्ही विचारलंत म्हणून: हलव्याला काटा कसा येतो?

संक्रांत जवळ आली की ओळखीपाळखीतून हमखास विचारणा होते: "बोरन्हाणाचा हलवा तुम्ही घरी का करता, आणि त्याला काटा येतो तरी कसा?" आधी काट्याचं सांगतो.

वाटीभर साखरेत ती बुडेल एवढं पाणी घालून उकळायचं. चमचाभर दूध टाकलं की मळी वर येते, ती काढून पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारीच्या अलीकडचा, बोटांना चिकट लागेल इतपतच हवा. मग परातीत दोन चमचे तीळ, खाली अगदी मंद आच, आणि वरून अर्धा चमचा पाक. बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. पाक सुकून दाणे सुटे झाले की पुढचा अर्धा चमचा. बराच वेळ काही घडत नाही, तीळ नुसते पांढुरके होतात. आणि मग कधीतरी बोटांना बारीक टोकं लागतात. डोळ्यांना ती नंतर दिसतात. त्या उंचवट्यांवर नवा पाक बसत जातो, तिथेच साखर धरते आणि काटा वाढतो. ती पहिली टोकं बोटाला लागतात तेव्हाचा आनंद मला दरवर्षी नवा वाटतो.

घाई मात्र चालत नाही. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात आणि आलेला काटाही विरघळतो. आच वाढली तर साखर भुगा होऊन परातीत पडते. भुगा अधूनमधून चाळून काढावाच लागतो. (तो दुधात घालून प्यायला घरातली मुलं टपलेली असतात.) हवा थंड आणि कोरडी असेल तर काटा सुरेख येतो, म्हणून पौषातली पहाट याला उत्तम. मुंबईच्या दमट हवेत तोच हलवा जास्त वेळ घेतो. एका बैठकीत काम पुरं होत नाही. झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पुढे चालवायचं. तिळाऐवजी खसखस घेतली तर अगदी बारीक दाणे होतात, साबुदाण्याचे टपोरे. लवंगेवरही पाक चढतो, आणि ती चावताना मजा येते.

आता घरी का करतो, ते. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, साधारण १ ते ५ वर्षांच्या मुलांचं. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बाळाला पाटावर बसवायचं, औक्षण करायचं, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्तासे, हलवा असं सगळं ओतायचं. जमलेली पोरं लुटायला तुटून पडतात. इथे खाऊ आधी अंगावरचा दागिना होतो, मग पाऊस, मग लूट, आणि शेवटी तोंडात जातो. मुलांसाठी याहून चांगली पार्टी मला माहीत नाही. शेवटी तोंडातच जाणार म्हटल्यावर तो कशाचा आहे हे मला माहीत असायला हवं. विकतचे बरेच दागिने पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले असतात. दिसायला देखणे, पण मूल गळ्यातला हार चोखल्याशिवाय राहत नाही. म्हणून आम्ही दोऱ्याला गाठी मारत एकेक दाणा बांधतो. मुकुट आणि बाजूबंद पुठ्ठ्यावरचे चालतात. तोंडाजवळ येणारा हार मात्र दोऱ्याचाच हवा. आजूबाजूची मोठी मुलं दुपारभर गाठी मारायला येऊन बसतात. हाराला जेवढे दाणे लागतात तेवढेच पोटातही जातात, तेव्हा हलवा त्या हिशेबाने करावा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाच्या डोक्यावर टणक बोरं ओतू नका. ओंजळीत चुरमुरे जास्त घ्या, बोरं चारच आणि तीही बाजूने सोडा. बोराची बी, अख्खा शेंगदाणा, हलव्याचा टपोरा दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून लूट चालू असताना एका मोठ्या माणसाने फक्त बाळाकडे लक्ष द्यावं, फोटो दुसऱ्याने काढावेत. अगदी लहान पाहुण्यांसाठी मी मऊ गुळाची पोळी करतो, तुपात कुस्करून.

यंदा करणार असाल तर भोगीच्या चार-पाच दिवस आधी बसा, आणि पहिल्या वेळी तीळ दोन चमच्यांपेक्षा जास्त घेऊ नका. काटा धरायला लागला की दाणे चांगलेच फुगतात आणि एका हाताने फिरवणं जड जातं.