मतं गव्हर्नरची, हिशोब माझा

२०१२ साली मी कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, बजेट विभागात होते. त्या वर्षी आमच्याकडे एकाच वर्षाची दोन बजेटं होती. एक्सेलच्या एकाच शीटवर शेजारीशेजारी दोन रकाने, 'पास' आणि 'नापास'. ६ नोव्हेंबरला प्रपोझिशन ३० (थोडक्यात प्रॉप ३०, म्हणजे थेट लोकांच्या मताला टाकलेला करवाढीचा प्रस्ताव) मंजूर झालं तर पहिला लागू, पडलं तर दुसरा. दुसऱ्या रकान्यात दर विद्यार्थ्यामागे साडेचारशे डॉलरच्या आसपास कपात होती आणि ती शाळा सुरू होऊन अडीच-तीन महिने झाल्यावर कोसळणार होती. पगाराचे करार झालेले, पुस्तकं आलेली, बसेस धावताहेत. अशा मध्यावर एवढे पैसे काढायचे तर हाताशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शाळेचे दिवस. राज्याने तशी सोयही कायद्यात करून ठेवली होती. १८० दिवसांचं वर्ष १७५ वर आणायची परवानगी आधीपासून होतीच. प्रॉप ३० पडलं तर आणखी पंधरा दिवसांपर्यंत कात्री लावता येणार होती.

हे सगळं गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या हट्टामुळे घडतंय असं त्यांचे विरोधक म्हणत, आणि संकट टाळायला धडपडणारा हा एकटाच माणूस आहे असं समर्थक म्हणत. मला विचाराल तर दोन्ही खरं होतं. अमेरिकेतला गव्हर्नर मंत्रिमंडळाने लिहून दिलेलं अभिभाषण वाचणारा नसतो. तो लोकांतून निवडून येतो आणि राज्याचा कारभार हाकतो, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा. ब्राऊन तेव्हा ७४ वर्षांचे. १९७५ ते १९८३ एकदा गव्हर्नर राहून २०११ मध्ये परत आलेले. जानेवारी २०१२ च्या भाषणात त्यांनी कामांची यादी मांडली होती: वेगवान रेल्वे, पाण्याचा प्रश्न, सरकारी पेन्शनची सुधारणा आणि या सगळ्याच्या मुळाशी करवाढ. लोकांना विचारल्याशिवाय कर वाढवणार नाही, हा त्यांचा २०१० च्या निवडणुकीतला शब्द. २०११ मध्ये त्यांनी विधिमंडळामार्फत हा प्रश्न लोकांपुढे न्यायचा प्रयत्न केला, पण त्यासाठी लागणारी विरोधी पक्षाची मोजकी मतंही मिळाली नाहीत. मग सह्या गोळा करून ते थेट मतपत्रिकेवर गेले.

जूनमध्ये सही केलेल्या बजेटमध्ये त्यांनी लोक कर मंजूर करतील असं धरूनच जमाखर्च मांडला. नाही केला तर आपोआप लागू होणारी सुमारे सहा अब्ज डॉलरची कपातही त्यातच लिहून ठेवली. बहुतेक सगळा घाव शाळा आणि कॉलेजांवर. लोकांचा जीव कशात आहे ते बघून नेमकं तेच पणाला लावलं, हे राजकारण झालं. पण राज्याच्या जनरल फंडातला, म्हणजे मुख्य तिजोरीतला, चाळीस टक्क्यांच्या आसपास पैसा शाळा आणि कम्युनिटी कॉलेजांवरच खर्च होत असेल, तर तिजोरीतलं भगदाड शाळांना धक्का न लावता बुजवता येत नाही, हेही खरं.

प्रस्ताव असा होता. विक्रीकर पाव टक्का जास्त, चार वर्षं. वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांना (जोडप्यांना पाच लाखांच्या वर) जास्त आयकर, सात वर्षं, आणि तोही १ जानेवारी २०१२ पासून मागे जाऊन लागू. ब्राऊन त्यासाठी शाळा-कॉलेजांच्या आवारांत सभा घेत फिरत होते. त्यांचा सटर नावाचा कॉर्गी कुत्रासुद्धा प्रचारात होता. खरंच होता, फोटोंसकट.

गव्हर्नर उघडउघड मतं मागू शकत होते. ज्यांचे पगार त्या मतांवर टांगलेले, त्या आम्हाला मात्र तोंड उघडायची सोय नव्हती. १९७६ च्या 'स्टॅन्सन विरुद्ध मॉट' खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की सरकारी पैसा निवडणुकीच्या प्रचाराला वापरता येत नाही. माहिती द्या, बाजू घेऊ नका. ऑफिसचा वेळ, ऑफिसचा ईमेल, ऑफिसचा प्रोजेक्टर, यांतलं काहीही वापरून 'हो म्हणा' असं सुचवायचंही नाही. घरी जाऊन, आपल्या वेळात, आपल्या फोनवरून काय करायचं ते करा.

ऑक्टोबरमध्ये एका प्राथमिक शाळेत पालकांसाठी माहितीची सभा ठेवली. स्लाइड्स मी केल्या होत्या. त्या आधी डिस्ट्रिक्टच्या वकिलांकडे गेल्या आणि परत आल्या तेव्हा दोन गोष्टी गळल्या होत्या. 'कपात'च्या आधीचं 'गंभीर' हे विशेषण आणि कुलूप लावलेल्या लायब्ररीपुढे उभ्या दोन मुलींचा फोटो. फोटो खरा होता, आमच्याच शाळेतला. तरी गेला. उरले माझे दोन रकाने.

सभा मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये. तिथली बाकं टेबलालाच जोडलेली आणि सात वर्षांच्या मुलाच्या मापाची. मोठी माणसं गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन बसली होती. डिस्ट्रिक्टचे प्रमुख, म्हणजे सुपरिंटेंडंट, यांनी प्रास्ताविक केलं आणि आकड्यांसाठी मला उभं केलं.

पहिली अर्धीअधिक वेळ ३० आणि ३८ यांच्या गोंधळात गेली. मॉली मंगर या वकील बाईंनी शाळांसाठीच दुसरा कर सुचवणारं प्रॉप ३८ त्याच मतपत्रिकेवर आणलं होतं आणि पालक-शिक्षकांची राज्य संघटना त्या बाजूला होती. "दोन्हीला हो म्हटलं तर दुप्पट पैसे ना?" एका आईने विचारलं. तसं नव्हतं. दोन्ही पास झाली तर ज्याला जास्त मतं, त्याचा कर लागू. आणि ३८ वर आलं तर पैसे पुढच्या वर्षापासून येणार, पण ३० चा कर लागू न झाल्यामुळे यंदाची कपात होणारच. हे मी तीनदा, तीन तऱ्हेने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना माझं मलाच ते चौथीतल्या रेल्वेच्या गणितासारखं वाटायला लागलं.

मग मागून एक आजोबा उठले. नातवंडं या शाळेत. घर सत्तरच्या दशकात घेतलेलं, म्हणजे १९७८ च्या प्रॉप १३ चे लाभार्थी. त्यामुळे त्यांच्या घराच्या कराचं मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांच्या वर चढत नाही आणि शेजारी नवं घर घेणारा त्यांच्या कितीतरी पट कर भरतो. पण माणूस अभ्यास करून आला होता. हातात कात्रणं. राज्याच्या उद्यान खात्यात ५४ मिलियन डॉलर दडवून ठेवलेले जुलैमध्ये सापडले, त्याचं काय? रेल्वेला अब्जावधी मंजूर केले, तेही जुलैमध्येच, मग शाळांनाच पैसे कसे नाहीत? आणि 'तात्पुरता' कर कधी तात्पुरता राहिलाय का?

या प्रश्नांना मी उत्तर द्यायचं नव्हतं, आणि दिलंही नाही. (शेवटच्या बाबतीत ते अर्धे बरोबर निघाले. विक्रीकराची वाढ २०१६ अखेर संपली, पण आयकराची वाढ त्याच वर्षी प्रॉप ५५ ने २०३० पर्यंत लांबवली.) मग त्यांनी रोख माझ्याकडे वळवला.

"टीव्हीवर सांगतात की हा पैसा वेगळ्या खात्यात येणार आणि तुमच्यासारख्या ऑफिसातल्या लोकांच्या पगाराला वापरता येणार नाही. खरं का?"

"खरं. कायद्यात तसं कलमच आहे."

"मग तुमचा पगार कुठून?"

हॉलमध्ये थोडं हसू. मीही हसले. "जुन्या खात्यातून. आत्ता होतो तसाच."

"म्हणजे नवा पैसा शिक्षकांना दाखवायचा आणि जुना मोकळा करून तुम्ही घ्यायचा."

इथे मला गप्प बसता आलं असतं. 'तपशील वेबसाइटवर आहे' म्हणून पुढचा प्रश्न घेता आला असता. पण माणसाने वर्मावर बोट ठेवलं होतं आणि माझ्याकडे त्याचं सरळ उत्तर होतं. "जुना मोकळाही होणार नाही," मी म्हटलं. "शाळांना किती द्यायचं ते १९८८ च्या प्रॉप ९८ च्या सूत्राने ठरतं. हे नवं खातं त्या सूत्राच्या आतच धरलंय. त्यातून आम्हाला जेवढे डॉलर येतील, तेवढे राज्य दुसऱ्या खात्यातून कमी पाठवेल. शिक्षकांचे पगार आम्ही इकडून तिकडे टाकू. बेरीज तीच राहील."

"म्हणजे शाळेला नवीन काहीच मिळणार नाही?"

"यंदा नाही. आहे तेवढं टिकेल. पहिला रकाना बघा, गेल्या वर्षीइतकाच आहे."

सगळा हॉल पडद्याकडे बघायला लागला. तो आकडा तासभर तिथेच होता, पण सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या रकान्यावर, कपातीवर. पहिल्यात वाढ नाही हे कुणाच्या नजरेत भरलंच नव्हतं. सुपरिंटेंडंट कागद चाळू लागले. पुढच्या बाकावर प्रचारात उतरलेली एक आई बसली होती, रोज संध्याकाळी मतदारांना फोन करणारी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस. सभा संपल्यावर ती म्हणाली, "मतपत्रिकेवर 'शिक्षणासाठी निधी' असं छापलंय, आणि तुम्ही सांगता नवीन काही नाही. त्याला आयतं कोलीत दिलंत." मी म्हटलं, पाच महिन्यांनी तुम्हीच विचाराल की पास होऊनसुद्धा लायब्ररी बंद का, तेव्हा मी काय सांगू? ती काही बोलली नाही. सुपरिंटेंडंटनी गाडीपाशी एवढंच म्हटलं, "बरोबर होतं. थोडक्यात सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, गव्हर्नरांच्या आवाहनातली अवघड गोष्ट हीच होती. नवी शाळा, नवा पूल दाखवून कर मागता येतो. 'आहे ते जाऊ नये म्हणून द्या' हे विकायला कठीण, म्हणून कपातीची भीती पुढे करावी लागली. भीती खोटी नव्हती. पण तिच्या आवाजात 'मिळणार काही नाही' हे वाक्य बुडून गेलं होतं.

प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते तेवढ्यात मराठीत हाक आली, "ताई, एक मिनिट." गळ्यात आयटी कंपनीचा बिल्ला, मूळचे कराडचे, मुलगी तिसरीत. नवराबायको दोघंही एच-वन व्हिसावर.

"आम्हाला मत नाही हो. पण ते पंधरा दिवस नेमके कुठले जाणार? बहुतेक मे-जूनमधले ना? आम्हा दोघांना तेवढी रजा नाही. आईला बोलवायचं तर तिकीट आत्ताच काढावं लागेल."

अख्ख्या सभेत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, शिक्षकांच्या युनियनशी बोलणी व्हायचीत, तारखा ठरलेल्या नाहीत. रद्द करता येणारं तिकीट मिळत असेल तर तसं घ्या.

"आणि तुम्हाला काय वाटतं? पास व्हावं का?"

"इथे नाही सांगता येत."

"अहो, मराठीत सांगा, कुणाला कळतंय?"

मी हसून नको म्हटलं. त्यांनीही सोडून दिलं. जाताना म्हणाले, "माझा मॅनेजर सिटिझन आहे, अजून ठरवलं नाही म्हणत होता. उद्या लंचला धरतो त्याला."

६ तारखेच्या रात्री सुरुवातीला टपाली मतं मोजली जात होती तेव्हा प्रॉप ३० मागे होतं. मग लॉस एंजेलिसचे आकडे यायला लागले आणि चित्र पालटलं. शेवटी ५५ टक्क्यांच्या थोडं वर. ३८ ला ३० टक्केही मिळाली नाहीत.

सकाळी ऑफिसात कुणीतरी डोनट आणले होते. 'नापास' रकाना मी पुसला नाही, लपवून ठेवला, ऑडिटरला लागतो. नऊच्या आत युनियनचा फोन आला: यंदाच्या करारात कापलेले बिनपगारी दिवस परत कधी देताय? मी तेच सांगितलं जे हॉलमध्ये सांगितलं होतं. शिवाय एक जास्तीची गोष्ट होती. मंजूर झालेला पैसा त्या नव्या खात्यात येणार होता पुढच्या जूनच्या अखेरीस, एकरकमी. गेली कितीतरी वर्षं राज्य आमचे नेहमीचे हप्तेही उशिरानेच देत आलं होतं. म्हणजे वसंतातले पगार भागवायला येणाऱ्या महसुलावर अल्पमुदतीचं कर्ज काढावं लागणार, निवडणूक जिंकूनसुद्धा. डोनटचा अर्धा तुकडा कीबोर्डशेजारी ठेवून मी मार्च ते जूनच्या रोख रकमेचा तक्ता उघडला आणि काउंटीच्या ऑफिसला कर्जाचे अर्ज मागवायला ईमेल टाकला.