एवढी फी भरून पोरं मिळवतात काय?

"काय ओ मॅडम, एवढी फी घेताय, वर्षभरात पोरं मिळवत्यात काय?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत येतो, गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लास हातात असताना येतो, आणि निकाल लागायच्या आधी महिनाभर फोनवरही येतो. मी कोल्हापूरजवळच्या एका इंटरनॅशनल शाळेत केमिस्ट्री शिकवते. बोर्ड केंब्रिजचं. वार्षिक अहवालातली 'विद्यार्थ्यांचं यश' ही यादी करायचं कामही माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळं विचारणाऱ्यानं माणूस बरोबर गाठलेला असतो. पंगतीत मी "चाललंय की बरं" म्हणून पुढचा विषय काढते. आता तुम्ही विचारलंतच आहे, तर जरा सविस्तर सांगते.

आधी त्या यादीचंच सांगते. यंदाची यादी चांगली लांबलचक झाली आणि तिचा निम्म्याहून जास्त भाग पैसे भरून आलेला आहे. यात लबाडी कुणाची नाही. खासगी ऑलिम्पियाड नावाच्या परीक्षा असतात, त्यांची प्रवेश फी असते, आणि शाळेतून पुरेशी मुलं बसली की शाळेतल्या पहिल्याला सुवर्णपदक मिळतं. शाळेतल्या पहिल्याला! वर्गातल्या वर्गात पहिला आला तरी गळ्यात पदक आणि त्यावर पृथ्वीचा गोल. आईवडील फोटो पाठवतात, मी यादीत घेते. मग तिकडं दुबईला किंवा सिंगापूरला भरणाऱ्या परिषदा, जिथं दोन दिवस कोट घालून मुलं कुठल्या तरी देशाची बाजू मांडतात. त्यातून मुलं बोलायला शिकतात, हे खरं. पण जो जाऊ शकला त्याचंच नाव यादीत लागतं, आणि कोण जाऊ शकतं ते तुम्हाला माहीत आहे.

याच यादीत खाली कुठंतरी एक ओळ असते: 'आयओक्यूएम, पुढील टप्प्यासाठी पात्र.' वाचणारा ती ओलांडून जातो. ही गणिताची खरी ऑलिम्पियाड. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिच्या पुढच्या पायऱ्या सांभाळतं. आधी ही, मग विभागीय म्हणजे आरएमओ, मग राष्ट्रीय म्हणजे आयएनएमओ, मग सराव शिबिर, आणि शेवटी सगळ्या देशातून फक्त ६ मुलं आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जातात. आमच्या शाळेतला एक मुलगा पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेला, तिथं थांबला. त्याला पदक नाही, फोटो नाही. माझ्या हातात असतं तर ती ओळ मी पानभर मोठी छापली असती.

मग निकाल. मार्चच्या परीक्षेचा निकाल मे महिन्यात लागतो आणि लगेच फ्लेक्सची घाई सुरू होते. कोल्हापुरात चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय यश झालं असं कुणी मानत नाही. वाढदिवसाचा लागतो, निवडीचा लागतो, तर दहावीचा का नको? पण आमच्या मुलांच्या फ्लेक्सची पंचाईत अशी की त्यावर लिहायचं काय? आयजीसीएसईत, म्हणजे केंब्रिजच्या दहावीत, 'ए स्टार'पासून 'जी'पर्यंत श्रेण्या. गल्लीत विचारणार, "शेकडा किती?" मग वडील निकालाचा कागद घेऊन माझ्याकडं येतात आणि श्रेणीशेजारच्या आकड्यावर बोट ठेवतात. "हे ९१ म्हणजे शंभरात ९१ ना?" नाही. तो आकडा एकसमान मोजपट्टीवर बसवलेला असतो. ए स्टारची रेषा त्या पट्टीवर कायम ९० ला असते, मग पेपरात प्रत्यक्ष गुण त्याहून कमी का असेनात. पेपर अवघड गेला तर प्रत्यक्ष गुणांतली रेषा खाली येते, सोपा गेला तर वर जाते, आणि ती ठरते पेपर तपासून झाल्यावर. हे दोनदा समजावून सांगितलं की वडील मान डोलावतात आणि फ्लेक्सवर '९१ टक्के' छापून आणतात. अकरावीला एएस लेव्हलमध्ये तर ए स्टार ही श्रेणीच नाही, नुसतं 'ए' हेच सर्वांत वरचं. दर वर्षी एखादी आई विचारतेच, "यंदा स्टार का गेला हो?"

आता मी जे यश मानते त्याच्याकडं येते. ते यादीत चढवायला खाना नाही.

स्टेट बोर्डातून आमच्याकडं अकरावीला येणारी मुलं असतात. आपल्यापैकी ज्यांनी सायन्स केलंय त्यांना सीबीआर, म्हणजे 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग', आठवत असेल. ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या तोटीच्या नळीची, वाचनं तीन घ्यायची आणि तिन्ही सारखी लिहायची: १०.२, १०.२, १०.२. मीही तेच केलंय, माझ्या आधीच्यांनीही तेच केलंय. आमच्याकडं ब्युरेट ०.०५ घन सेंटीमीटरपर्यंत वाचावी लागते आणि दोन वाचनं ०.१० च्या आत आली की पुरतात. तिन्ही तंतोतंत सारखी आली तर परीक्षकाला शंका येईल, त्याला नाही आली तरी मला येते. यंदा कागलकडून आलेला एक मुलगा पहिल्या सत्रात दर वेळी तिन्ही वाचनं सारखीच दाखवायचा. ओरडले नाही. एवढंच म्हटलं, बाळा, थेंब तरी सारखे पडतात का तुझे? जानेवारीत त्याच्या वहीत २४.३५, २४.८०, २४.४० असं दिसलं. मधलं चुकलेलं वाचन त्यानं खोडलं नव्हतं. शेजारी लिहिलं होतं, 'शेवटाला तोटी वेळेत बंद झाली नाही, सरासरीत धरलेलं नाही.' दहावीपर्यंत ज्याला सारखं लिहायला शिकवलं त्या पोरानं न जुळणारा आकडा तसाच वहीत राहू दिला. याचा फ्लेक्स कसा लावणार?

दुसरी गोष्ट जरा लांब आहे. बारावीला आमच्याकडं एक संशोधन प्रकल्प असतो, आयपीक्यू म्हणतात. प्रश्न मुलानं स्वतः शोधायचा, ५,००० शब्दांपर्यंत अहवाल लिहायचा, आणि कामाची नोंदवही ठेवायची. तपासणी बाहेर, केंब्रिजकडं. करवीर तालुक्यातल्या एका मुलीनं गूळ घेतला. तिच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ अजून चालू आहे. उसाचा रस काहिलीत चढला की त्यात भेंडीची ताटं ठेचून काढलेलं चिकट पाणी घालतात. रसातली घाण त्याला धरून मळीच्या रूपानं वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकतात. आता बरेच जण पिवळाधमक रंग यावा म्हणून पावडर मारतात, कारण बाजारात व्यापारी रंग बघून भाव करतो. हिचा प्रश्न साधा होता: भेंडीचं पाणी किती घातलं तर रस किती निवळतो?

पहिले नमुने शाळेत येईपर्यंत आंबले. ताजा रस तासाभरात रंग बदलायला लागतो, हे तिला घरचं असून ठाऊक नव्हतं. मग बर्फाचा डबा आला, चुलतभावाची मोटरसायकल आली. नमुन्यातून प्रकाश किती पार जातो हे आमच्या प्रयोगशाळेतल्या कलरीमीटरवर मोजायचं. तिकडं गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला, तिच्या थर्मामीटरचं हसू येत होतं. तो काहिलीतला चिक्की झालेला थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो आणि "उतरा" म्हणतो. "बोटाला इचारायचं सोडून काचेला काय इचारतीस?" तिनं त्याचं 'उतरा' आणि तापमान दोन्ही शेजारी शेजारी टिपलं. पुस्तकात ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास लिहिलेलं असतं. म्हाताऱ्याचं बोट दर खेपेला त्याच्या दोनतीन अंशांच्या आत निघालं. हा प्रकल्पाचा विषयही नव्हता, पण नोंदवहीतली ती पानं मला अहवालापेक्षा आवडली.

मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र काही चमकदार आलं नाही. भेंडीचं पाणी वाढवत नेलं तसा रस आधी निवळत गेला, मग एका प्रमाणापुढं फरक पडेना, उलट गढूळपणा जरा वाढला. तिनं तसंच लिहिलं. वडिलांच्या ओळखीचा एक बातमीदार होता, त्याला 'केमिकलमुक्त गुळाचा शोध' असा मथळा हवा होता. ती म्हणाली, "पप्पा, मी शोध बीध काय लावला नाही. चुलते करत्यात तेच मोजलंय." बातमी आली नाही. श्रेणी 'बी' आली. यादीत मी लिहिलं: 'आयपीक्यू, बी.' अहवाल छापणाऱ्यानं विचारलं, बी पण घ्यायचा का? म्हटलं, घ्यायचाच.

खेळाचंही विचारता तुम्ही. कोल्हापूरकर आहात, विचारणारच. नेमबाजीत तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. तेव्हापासून "तुमच्यातनं कधी?" ठरलेलंच. खरं सांगू? स्वप्निल लहान वयात घर सोडून सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, नाशिकला. त्याच्यामागं वर्षं आहेत. आमच्याकडं मैदान आहे, प्रशिक्षक आहेत, आणि दहावी जवळ आली की मैदान सोडणारी मुलं आहेत. जिल्हा पातळीच्या पलीकडं यंदा आमचं फारसं काही नाही. आणि १९५२ ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट ज्या गावात अजून सांगतात, तिथं दुबईच्या परिषदेचं प्रमाणपत्र यादीत चढवताना माझा हात जरा अडखळतो.

प्रवेशांचं थोडक्यात. परदेशी गेलेली मुलं अहवालाच्या पहिल्या पानावर असतात, पण बहुतेक मुलं पुण्याला जातात. इथं आईवडिलांनी डोळे उघडे ठेवावेत. ए लेव्हलला, म्हणजे केंब्रिजच्या बारावीला, मूल मोजकेच विषय घेतं. इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, मात्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, म्हणजे तिचा अभ्यास वेगळा करावा लागतो. मेडिकलला जायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत, आणि एखाद्याला फिजिक्स नको म्हणून सोडून दिलेलं असतं. भारतातल्या प्रवेशाला एआययूची, म्हणजे भारतीय विद्यापीठ संघाची, समकक्षता लागते, तिच्याही विषयांच्या अटी असतात. हे सगळं अकरावीचे विषय निवडायच्या आधी विचारायचं असतं. बारावीच्या मेमध्ये विचारायला येणाऱ्यांना मी चहा देते, दुसरं काही देता येत नाही.

तर पुढच्या वर्षी मुलाला घेऊन आमच्याकडं किंवा आणखी कुठल्या शाळेत चौकशीला गेलात, तर ती चकचकीत यादी हातात पडेलच. ती पिशवीत टाका. बारावीतल्या एखाद्या मुलाची प्रयोगवही बघायला मागा, नाव झाकून दिली तरी चालेल, आणि तिच्यात खोडलेलं, फसलेलं, न जुळलेलं काही दिसतंय का ते बघा. मग त्या वर्गातल्या दोघा मुलांशी शिक्षक नसताना दहा मिनिटं बोलायला मागा. आमच्याकडं देतात. फीचं त्यानंतर ऑफिसात बोलू.